हीटर जागेवर असतो, माल हलतो

दिवाळीला तीन आठवडे होते. न्यू जर्सीत एडिसनला एका गोदामात गेलो होतो. मराठी मंडळातल्या ओळखीचे काका भारतातून किराणा माल आणतात. पापड, मसाले, पोहे, भाजणी आणि या दिवसांत उदबत्त्या, पणत्या, कापूर. कंटेनर नुकताच उतरला होता आणि खोकी रॅकच्या सगळ्यात वरच्या खणात जाऊन बसली होती. "अरे, यंदाचं पॅकिंग काही खरं नाही," काका म्हणाले. "वरच्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या आपोआप सुटतायत."

शिडी लावून वर गेलो. चिकटपट्टीचा गोंद मऊ होऊन ओघळला होता. खोक्यांभोवतीचं प्लास्टिक एकाच अंगाने आक्रसून गोळा झालं होतं. त्या अंगाला, जेमतेम दोन फुटांवर, छताच्या लोखंडी जॉइस्टना टांगलेला गॅसचा हीटर होता आणि त्याचं झडपांचं तोंड नेमकं खोक्यांकडे होतं. खोक्यांवर काळ्या मार्करने लिहिलं होतं : कापूर.

हीटर चुकीच्या जागी लावला होता म्हणावं, तर तसंही नाही. काकांच्या आधी त्या जागेत छापखान्याचा माणूस होता. तेव्हा रॅक नव्हते, यंत्रं जमिनीवर होती आणि हीटरच्या खाली-समोर मोकळी हवा होती. परमिट रीतसर, तपासणी रीतसर. हीटर तिथेच राहिला आणि खालचं जग बदललं. टांगत्या हीटरबद्दल लिहायला बसलो की मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं. त्याची जागा टांगण्याच्या दिवशी एकदा ठरते आणि त्यानंतर गोदामात जो जो नवा रॅक येतो, नवं दार बसतं, नवं मशीन लागतं, त्या प्रत्येक वेळी ती पुन्हा ठरते. फक्त तेव्हा ती कोणी तपासत नाही.

यात आपल्या सवयींचाही वाटा आहे. आपण पंख्याच्या देशातून आलेली माणसं. छताला टांगलेली वस्तू म्हणजे एकदा लावली, बटण दिलं, संपलं. शिवाय माळ्याची सवय. डोक्याच्या वर दोन फूट रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. गोदामाचं भाडं चौरस फुटावर असतं, त्यामुळे उंची फुकट वाटते आणि माल वर चढत जातो. वर हीटर आहे हे ऑक्टोबरपर्यंत कोणाच्या ध्यानात नसतं.

आधी आपल्याकडे कुठल्या जातीचा हीटर आहे ते पाहा, कारण अंतराचे नियम त्यावर आहेत. पेटीसारखा, मागे पंखा आणि समोर झडपा असलेला तो युनिट हीटर. तो हवा तापवून फेकतो. दुसरा म्हणजे छताखालून वीस-तीस-चाळीस फूट गेलेली काळपट नळी आणि तिच्यावर चकचकीत पत्र्याचं छप्पर : इन्फ्रारेड ट्यूब हीटर. तो हवेच्या फंदात पडत नाही. उन्हासारखा सरळ खालच्या वस्तू तापवतो. त्यामुळे युनिट हीटरची काळजी मुख्यतः बाजूंची आणि समोरची, तर ट्यूब हीटरची काळजी खालची.

पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंपासून युनिट हीटर किती लांब हवा याचा ढोबळ नियम अमेरिकेतल्या इंटरनॅशनल फ्युएल गॅस कोडमध्ये असा आहे : बाजूंनी १८ इंच, खाली १२ इंच, वर ६ इंच. हीटरच्या अंगावर चिकटवलेल्या प्लेटवर निर्मात्याने वेगळे आकडे दिलेले असतील तर ते पाळायचे आणि ते मॉडेलगणिक बदलतात. ट्यूब हीटरच्या प्लेटवरचा खालचा आकडा मात्र पाहिल्यावर माणूस चपापतो. तिथे इंचांची भाषा नसते, कित्येक मॉडेलना खाली पाच-सहा फूट मोकळे सोडावे लागतात. शेजारच्या गोदामात युनिट हीटरच्या खाली एक फुटावर माल आहे म्हणून आपण ट्यूब हीटरखाली तसंच करायला गेलो, तर काय होईल ते सांगायला नको.

हे आकडे येतात कुठून तेही समजून घ्यावं. साधारण हिशेब असा असतो की तेवढ्या अंतरावरच्या वस्तूचा पृष्ठभाग खोलीच्या तापमानापेक्षा ९० अंश फॅरनहाइटहून जास्त तापू नये. म्हणजे गोदाम ६० अंशांवर ठेवलंत तर खोकं दीडशेपर्यंत तापलं तरी नियम मोडला नाही. लाकूड, पुठ्ठा ते सोसतात. पण पातळ प्लास्टिक, मेणबत्त्या, थर्माकोल, व्हिनाइलचे पडदे त्याच्या आसपास वाकू, वितळू लागतात. गणपतीच्या मूर्ती थर्माकोलमध्ये बसवून ठेवणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावं. कापूर तर साध्या हवेतही उडून जातो आणि दीडशे फॅरनहाइटच्या आतबाहेर त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. तेव्हा प्लेटवरचं अंतर ही शेवटची हद्द समजायची, माल तिथपर्यंत नेऊन भिडवायचा नाही.

समोरच्या बाजूला तर प्लेटवर अनेकदा आकडाच नसतो, कारण तिथे काही असणारच नाही असं गृहीत धरलेलं असतं. झडपांतून येणारी हवा खोलीपेक्षा पन्नास-साठ अंशांनी गरम असते आणि ती बरीच लांब जाते. तिच्या वाटेत रॅक आला की दोन गोष्टी होतात. माल शेकतो, आणि अडलेली हवा परत हीटरकडे वळून तोच फाजील तापतो. मग आतला सुरक्षेचा स्विच त्याला बंद करतो, थंड झाला की पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. गोदाम गार ते गारच आणि मालक म्हणतो, हीटर लहान पडतोय, मोठा बसवा.

आता उंची. व्यावसायिक जागेत युनिट हीटरचा तळ जमिनीपासून निदान ७ फुटांवर हवा, म्हणजे फिरत्या पंख्याला किंवा तापलेल्या पत्र्याला कोणाचा हात-डोकं लागणार नाही. गाड्या दुरुस्त होतात किंवा उभ्या राहतात अशा गॅरेजमध्ये हा आकडा ८ फूट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, ज्योत तिच्यापासून वर राहावी हाही त्यामागचा हेतू. पण सात फूट हा माणसाचा हिशेब झाला, फोर्कलिफ्टचा नाही. चालवणारा मुलगा पॅलेट वर उचलून ठेवतो आणि मास्ट, म्हणजे पुढचा उभा सांगाडा, खाली न घेताच मागे येतो, हे रोजचं दृश्य आहे. हीटर त्या वाटेवर असेल तर एक धक्का पुरे. नुसता पत्रा चेपला तर नशीब म्हणायचं, बहुतेक वेळा गॅसच्या पाइपाचा सांधा हलतो. हीटर फोर्कलिफ्टच्या रस्त्यातून बाजूला घ्या. ते जमत नसेल तर मास्टच्या पूर्ण उंचीच्या वर न्या. पण उगाच आढ्याला भिडवू नका. गरम हवा मुळातच वर जाते. फार वर टांगलेला हीटर छत तापवतो आणि खाली बिल येतं. कुठल्या मॉडेलची हवा किती उंचीवरून जमिनीपर्यंत पोचते याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो, तो कॉन्ट्रॅक्टरकडून मागून घ्या.

आणखी दोन सापळे असे, की जे मोजताना दिसतच नाहीत, कारण मोजणारा माणूस दार बंद असताना मोजतो. माल उतरवायचं मोठं दार उघडलं की ते छताला समांतर आडवं होतं. त्याच्या पत्र्यांच्या मध्ये फोमचा थर असतो. बंद दाराच्या वेळी हीटरखाली दहा फूट मोकळे दिसतात आणि दार उघडलं की तेच दार हीटरच्या पोटाखाली एक फुटावर येऊन झोपतं. जानेवारीत ट्रक उतरवायला दार तास-तासभर उघडं राहतं, गार वारा आत येतो, थर्मोस्टॅट हीटर पेटवतो आणि तो दाराला भाजत बसतो. तीच गत गॅरेजमधल्या लिफ्टची. ट्यूब हीटरचं अंतर जमिनीवरच्या गाडीपासून धरायचं नाही, लिफ्टवर पूर्ण उचललेल्या उंच व्हॅनच्या टपापासून धरायचं. दार उघडून मोजा, लिफ्ट वर करून मोजा.

हीटर कशाला टांगायचा हा प्रश्न इंजिनिअरला विचारायचा असतो, गोदामातल्या कोणालाही नाही. छताचे जॉइस्ट आणि ट्रस बर्फाचा भार धरून बांधलेले असतात, नव्या दीड-दोनशे पौंडांचा हिशेब त्यात असेलच असं नाही. पट्ट्या, साखळ्या, तार अशा तात्पुरत्या गोष्टींवर युनिट हीटर लोंबकळत ठेवू नये. निर्मात्याने सांगितलेल्या जाडीचे आटेदार रॉड, वर-खाली नट, ते ढिले होऊ नयेत म्हणून लॉकनट, आणि हीटर पाणसळीत. गॅसच्या किंवा धुराच्या पाइपावर हीटरचं वजन कधीही येता कामा नये. ट्यूब हीटरचं थोडं निराळं आहे. ती लांब नळी तापली की वाढते, गार झाली की आखडते. म्हणून तो साखळीवर हलता टांगतात आणि गॅसची जोडणी निर्मात्याने सांगितलेल्या लवचीक नळीने, सांगितलेल्या वळणानेच करतात. ती नळी ताणून सरळ बसवलेली दिसली तर ती कधीतरी चिरणार, असं समजून चाला.

या सगळ्यांहून मला जास्त भीती वाटते ती हवेची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. जाळीतून खोलीतलीच हवा घेणारा आणि धूर आपोआप वर जाऊ देणारा जुना हीटर खोलीच्या मर्जीवर जगतो. जळण्यासाठी हीटरच्या ताशी दर १००० बीटीयूमागे (बीटीयू हे उष्णतेचं माप) ५० घनफूट खोली असावी, असा जुना हिशेब आहे. लाख बीटीयूच्या हीटरला ५००० घनफूट. गोदामात ते सहज भरतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा कोणी त्याच छताखाली भिंत घालून छोटी खोली काढतो आणि हीटर त्या खोलीत अडकतो. किंवा मागच्या कोपऱ्यात परवाना काढून फराळाचं स्वयंपाकघर सुरू करतो. चकल्या तळण्यासाठी चुलीवर मोठा एक्झॉस्ट बसतो. तो पंखा मिनिटाला शेकडो घनफूट हवा बाहेर ओढतो आणि तेवढी हवा आत यायला वाट ठेवलेली नसते. मग हवा येते कुठून? हीटरच्या धुराड्यातून, उलटी. आणि तिच्याबरोबर धूर, कार्बन मोनॉक्साइड.

याची परीक्षा जुन्या पद्धतीच्या हीटरवर करता येते आणि तिचं साधन आपल्या देवघरात असतं. दारं-खिडक्या बंद करा, सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करा, हीटर पेटवा, पाच मिनिटं थांबा. मग तंत्रज्ञाला शिडीवरून हीटरच्या मागच्या ड्राफ्ट हुडच्या, म्हणजे धुराड्याच्या सुरुवातीच्या उघड्या टोपीच्या, तोंडाशी पेटती उदबत्ती धरायला सांगा. धूर आत ओढला गेला तर ठीक. धूर तोंडावर परत आला तर हीटर तिथल्या तिथे बंद करायचा आणि हवा आत येण्याची सोय झाल्याशिवाय पेटवायचा नाही. (गॅसचा वास येत असेल तर उदबत्तीच काय, विजेचं बटणसुद्धा दाबायचं नाही. बाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करायचा.)

हवेतून काय येतं हेही पाहावं लागतं. ब्लीच, ब्रेक साफ करण्याचे स्प्रे, काही सॉल्व्हंट, एसीतून गळणारा रेफ्रिजरंट यांच्यात क्लोरीन किंवा फ्लुओरीन असतं. ही हवा ज्योतीतून गेली की आम्ल तयार होतं आणि ते हीटरमधला उष्णता-विनिमयाचा पत्रा आतून खातं. दोन-तीन हिवाळ्यांत बारीक भोकं पडतात आणि धूर थेट खोलीत मिसळतो. काकांच्या ओळखीतले एक जण गोदामातच हळद-मिरची दळायचं मशीन घालणार होते. तिथे तर मी हात जोडले. पीठ आणि मसाल्यांची हवेत तरंगणारी पूड स्फोटक असते, तिच्यात उघड्या ज्योतीचा हीटर टांगायचाच नाही. दळण वेगळ्या खोलीत, आणि त्या खोलीत कोणती उष्णता चालेल हे अग्निशमन खात्याला विचारूनच. साधी धूळ, हलकी सॉल्व्हंट, एक्झॉस्टची ओढ एवढाच प्रश्न असेल तर उपाय आहे. जळण्याची हवा दुसऱ्या पाइपाने थेट बाहेरून घेणारा, 'सेपरेटेड कंबश्चन' हीटर. महाग पडतो. पण नवा घेणार असाल तर मी दुसरा सुचवणार नाही.

धूर कुठे सोडता तेही जागेच्याच हिशेबात येतं. नैसर्गिक वायूचा लाख बीटीयूचा हीटर तासाभरात गॅलनभराहून जास्त पाणी वाफेच्या रूपात सोडतो. धुराड्याला दर फुटामागे पाव इंच चढ द्यावा लागतो, त्याचं हे एक कारण. उतार उलटा गेला किंवा पाइप थंड अटारीतून लांबवर नेला, की वाफेचं पाणी होतं आणि पाइप गंजतो. पंख्याच्या जोराने भिंतीतून धूर बाहेर सोडणारं धुराडं असेल तर त्याचं तोंड दार, उघडणारी खिडकी किंवा हवा आत घेणारी जाळी यांच्यापासून आडवं ४ फूट, किंवा त्यांच्या ४ फूट खाली, किंवा निदान १ फूट वर हवं. लोकांच्या पायवाटेवर असेल तर जमिनीपासून ७ फूट. एडिसन-पिस्काटावेच्या गोदामांत एका लांब इमारतीत सहा-सात दुकानं असतात. आपलं धुराडं शेजाऱ्याच्या खिडकीपाशी तर निघत नाही ना, हे बाहेर जाऊन पाहा.

थर्मोस्टॅट जमिनीपासून पाचेक फुटांवर, आतल्या भिंतीवर, हीटरच्या झोताबाहेर. मोठ्या दाराजवळच्या भिंतीवर लावलात तर ट्रक आला की हीटर पेटणार. दोन-तीन हीटर असतील तर बाहेरच्या भिंतींलगत असे लावावेत, की एकाची हवा दुसऱ्याच्या पाठीकडे जाईल आणि गोदामात ती गोल फिरत राहील. समोरासमोर तोंडं केली की मधोमध हवा भांडत बसते. गॅस बंद करायची तोटी हीटरपासून ६ फुटांच्या आत आणि हाताला येईल अशी हवी, खोक्यांमागे नव्हे.

स्प्रिंकलर हा विषय बहुतेक जण विसरतात. साध्या स्प्रिंकलरचं तोंड १५५-१६५ फॅरनहाइटला फुटतं. हीटरच्या जवळ आणि त्याच्या झोताच्या वाटेत जास्त तापमानाची तोंडं बसवावी लागतात, त्याची अंतरं एनएफपीए १३ या मानकात दिलेली आहेत. हीटर दहा फूट सरकवला आणि स्प्रिंकलरवाल्याला सांगितलं नाही, तर एखाद्या थंड पहाटे आग नसताना पाऊस पडतो. पोहे भिजलेलं गोदाम मी पाहिलंय. ते दृश्य विसरता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. पण घरगुती अलार्म हवेत ७० पीपीएम वायू असला तरी तासाभराने किंवा त्याहूनही उशिरा वाजू शकतो. दिवसभर तिथे माणसं काम करत असतील तर कमी पातळी दाखवणारा मीटर घेतलेला बरा. प्रोपेनवर चालणारी फोर्कलिफ्टही हाच वायू सोडते, तेव्हा अलार्म वाजला की दोघांकडेही पाहायचं.

न्यू जर्सीत हे काम टाऊनशिपचं परमिट काढून, परवानाधारक एचव्हीएसीआर कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्यायचं असतं. एकाने मला विचारलं होतं, "फक्त चार फूट बाजूलाच तर सरकवायचाय, त्याला कशाला परमिट?" त्या चार फुटांत गॅसचा पाइप, धुराडं, विजेची तार आणि स्प्रिंकलर अशा चारही गोष्टी येतात. शिवाय इथल्या बऱ्याच लीजमध्ये हीटरची देखभाल भाडेकरूच्या गळ्यात असते. ती ओळ सही करण्याआधी वाचा. किल्ली घेण्यापूर्वी हीटरच्या प्लेटचा फोटो काढा. त्यावर गॅसचा प्रकार, बीटीयू आणि अंतरं असतात. प्रोपेनचा हीटर नैसर्गिक वायूवर किंवा उलट, निर्मात्याचं किट बसवल्याखेरीज चालवायचा नाही.

काकांकडे आम्ही त्या दिवशी एवढंच केलं. हीटर बंद केला, कापराची खोकी खालच्या खणात आणली, झडपा जॉइस्टच्या रांगेतल्या मोकळ्या बोळाकडे वळवल्या. हीटरच्या समोरच्या रॅकचा सगळ्यात वरचा खण उतरवून भिंतीशी उभा केला. खण मोकळा ठेवला असता तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो भरणारच होता. मग रॅकच्या खांबांवर फूटपट्टीने मोजून लाल चिकटपट्टीची रेघ मारली आणि थर्मोस्टॅटशेजारी पाटी लावली : 'रेघेच्या वर माल ठेवू नये'. इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि मराठीत, कारण माल चढवणारे तिन्ही भाषांचे आहेत. सोमवारी कॉन्ट्रॅक्टर येऊन हीटर तपासून जाईपर्यंत काकांनी स्वेटर घालून ऑर्डरी भरल्या.